ठिपकीला निरोप: आजारी कोंबडीला शांत मरण कसं द्यायचं?

आज कोंबडीवर बोलायचंय. रश्श्याबद्दल नाही, जिवंत कोंबडीबद्दल. त्यातही आजारी, म्हाताऱ्या, घरात नाव ठेवलेल्या कोंबडीबद्दल. विषय ऐकून काही जण हसतील. हसा, पण ऐका. कारण आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी अशी एखादी असते. ती आजारी पडली की घरात चार जणांची चार मतं निघतात आणि मधल्या मधे ती बिचारी कोपऱ्यात पिसं फुगवून बसून राहते.

मी देवगाव फाट्याची. सेलू तालुका, परभणी जिल्हा. मंठ्याकडून आलात की सेलूकडं, जिंतूरकडं जायला जिथं गाड्या वळतात तिथं आमचं घर आतल्या बाजूला आहे. घरी दोन म्हशी, एक कुत्रं आणि पाच-सहा गावरान कोंबड्या. त्यातली एक ठिपकी. २०२०च्या लॉकडाऊनमधे मामानं तीन पिल्लं आणून दिली होती. दोन मांजरानं नेली, ही राहिली. माझ्या धाकट्या भावाला तेव्हा शाळा नव्हती, मोबाइल एकच आणि तो माझ्याकडं. त्यामुळं त्याचा सगळा दिवस ठिपकीसोबत जायचा. त्यानं हाक मारली की ती पळत यायची, त्याच्या पायावर चढून बसायची. तिला कापायचा विषय घरात कुणी काढलाच नाही. ठरवून नाही, आपोआप.

आता एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला फार उशिरा लक्षात आली. आपण म्हातारी कोंबडी पाहिलेलीच नसते. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत दुकानात जाते. अंड्यांच्या फार्मवरची कोंबडी साधारण दीड वर्षात विकून टाकतात, कारण अंडी कमी होतात. घरची गावरान असली तरी पाहुणे आले, जत्रा आली, की नंबर लागतो. पण कोंबडी मुळात पाच-सात वर्षं सहज जगू शकते. अमेरिकेत मिशिगनमधली पीनट नावाची कोंबडी तर वीस वर्षांची झाल्यावर २०२३ साली गिनीज बुकात गेली. सांगायचा मुद्दा, म्हातारपणात कोंबडीला काय काय होतं हे आपल्या आज्यांनाही फारसं माहीत नसतं, कारण तिथपर्यंत कोंबडी पोचतच नाही.

ठिपकी पाच वर्षांची झाली आणि मागच्या आषाढात तिचं पोट खाली लोंबायला लागलं. चालताना पाय फाकवून, बदकासारखं. आई म्हणाली, "अंडं अडकलं असंल." कोमट पाण्यात बसवून पाहिलं. काही नाही. पोटाला हात लावला तर पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं लागायचं.

डॉक्टरांकडं न्यायचं म्हटल्यावर घरात गंमतच झाली. पप्पा म्हणाले, "ढोराच्या दवाखान्यात कोंबडी घेऊन जायलीस? लोक काय म्हणतील?" आमच्याकडं ढोराचा दवाखाना म्हणजे बैल, म्हैस, शेळी. मी एका ठिकाणी नेली तर तिथल्या माणसानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, कापून टाका, चारशे रुपयाच्या जिवाला काय औषध करता." मी वाद घातला नाही. दुसरीकडं गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं, टॉवेलमधे गुंडाळलं, पोट हातानं चाचपलं आणि नीट समजावून सांगितलं.

झालं असं होतं. कोंबडीच्या अंडाशयातून पिवळा बलक सुटतो तो नळीत पडायला पाहिजे. नळीत त्याच्यावर पांढरा भाग चढतो, मग कवच चढतं. कधीकधी तो बलक नळीत न पडता सरळ पोटात पडतो. एखाद्या वेळी शरीर तो जिरवून टाकतं. पण वरचेवर झालं, त्यात जंतू वाढले, की पोटात पाणी साठतं, सूज येते, ताप येतो. जास्त अंडी देणाऱ्या आणि वय झालेल्या कोंबड्यांमधे हे बऱ्यापैकी दिसतं. विचार करा, कोंबडीची रानातली पूर्वज, ती लाल रानकोंबडी, वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आणि फार्मवरची आजची कोंबडी तीनशेच्या आसपास. ती अंडी आपण वाढवून घेतली. पोट तिचं.

डॉक्टरांनी सुईनं पोटातलं पाणी काढलं, अँटिबायोटिक दिलं, दुखणं कमी करायचं औषध दिलं. एक महत्त्वाचं सांगितलं, औषध चालू असताना आणि नंतर ते सांगतील तितके दिवस तिची अंडी खायची नाहीत. आणि आपल्या घरातल्या डोकेदुखीच्या, तापाच्या गोळ्या अंदाजानं ठेचून द्यायच्या नाहीत. कोंबडीचं वजन दीड-दोन किलो, आपली अर्धी गोळी तिला किती होईल याचा काही हिशोब नाही.

आठ-नऊ दिवस ठिपकी छान होती. मग परत तेच. दुसऱ्यांदा पाणी काढलं, या वेळी चार दिवस गेले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हे परत परत होणार. मी पाणी काढत राहीन, पण तिला बरी करू शकणार नाही. आता तुम्ही घरी विचार करा." खरं सांगू, एवढं स्पष्ट बोलणारा माणूस भेटणं ही मोठी सोय असते.

घरी विचार म्हणजे काय, तर आपली चार मतं. पप्पांचं म्हणणं, उगी हाल कशाला, मोकळी करा. मोकळी म्हणजे सुरी. आजीचं म्हणणं, "जीव घ्यायचा आपल्याला काय अधिकार, ज्यानं दिला तो नेईल." त्यात श्रावण लागलेला. श्रावणात आमच्या घरी अंडंसुद्धा फुटत नाही, आणि जीव घ्यायचं बोलणं चाललंय म्हणून आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आई गप्प. आणि भाऊ म्हणतोय, अजून एकदा पाणी काढू.

आजीचं मत मी हसण्यावारी नेणार नाही, कारण हा वाद फार जुना आहे आणि फार मोठ्या माणसांनी घातलाय. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं. कूस बदलता येत नव्हती, उपचार संपले होते. गांधीजींनी बराच विचार करून डॉक्टरला बोलावलं आणि इंजेक्शन देऊन त्या वासराला मरण दिलं. अहिंसेचं नाव घेणारा माणूस, आणि वासरू! लोक खवळले, रागाची पत्रं आली. गांधीजींनी लपवलं नाही, आपल्या साप्ताहिकात त्यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, त्या जिवाच्या वेदनेसाठी केलेली गोष्ट आणि आपल्या सोयीसाठी किंवा रागानं केलेली हिंसा, या दोन वेगळ्या आहेत. मी हे आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "ते महात्मा होते, तू कोण?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, पण निदान बोलणं सुरू झालं.

इथं एक शब्दाची गडबड. बरेच जण याला इच्छामरण म्हणतात. कोंबडीची इच्छा कुणी विचारलीय? इच्छा आपली असते. शब्द दयामरण. आणि दया असली तर आधी हे बघायला पाहिजे की दया नेमकी कुणावर चाललीय. तिचा त्रास संपवायचाय, की आपल्याला तिच्याकडं बघवत नाही म्हणून संपवायचंय? उलटसुद्धा होतं. आपल्याला निरोप देववत नाही म्हणून आपण तिला ओढत राहतो.

मग ठरवायचं कसं? डॉक्टरांनी मला एक साधी पद्धत सांगितली, ती तुम्हाला देते. ही गोष्ट कुत्र्या-मांजरालाही चालते. त्या जनावराला रोज काय करायला आवडायचं ते चार-पाच गोष्टींत लिहायचं. ठिपकीचं मी मोबाइलच्या नोट्समधे लिहिलं: ज्वारीच्या कण्या टाकल्या की पळत येणं, दुपारी गोठ्यामागं धुळीत लोळणं, संध्याकाळी लिंबाच्या खालच्या फांदीवर चढणं, भावाच्या हाकेला ओ देणं, आणि पिसं चोचीनं साफ करणं. रोज रात्री समोर हो किंवा नाही टाकायचं. पहिल्या आठवड्यात चार हो होते. मग तीन. मग फांदीवर चढणं बंद, लोळणं बंद. मग कण्या समोर टाकल्या तरी ती नुसती बघायची. शेवटचे तीन दिवस एकच हो होतं, भावाची हाक. मान वर करायची, उठायची नाही.

हे लिहून ठेवायचं कारण असं की कोंबडी दुखणं लपवते. आजारी दिसली की बाकीच्या कोंबड्या तिला टोचतात, म्हणून ती शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं सोंग करते. आपल्याला कळतं तोवर बरंच पुढं गेलेलं असतं. डोळे अर्धे मिटलेले, पिसं फुगवलेली, चोच उघडी ठेवून श्वास, तुरा फिका किंवा निळसर, छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागणं... यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर वाट पाहू नका. तिला वेगळी ठेवा, उबदार आणि अंधाऱ्या खोक्यात, तोंडाजवळ पाणी. आणि डॉक्टर.

आता मधेच एक फार महत्त्वाचं, आणि इथं मी आवाज जरा चढवणार आहे.

मी आत्तापर्यंत जे सांगितलं ते एका कोंबडीच्या, न पसरणाऱ्या दुखण्याचं आहे. पण अचानक दोन-चार कोंबड्या मेल्या, डोकं सुजलं, तुरा काळानिळा पडला, हिरवी हगवण लागली, मान वाकडी झाली, तर विषय बदलतो. मान वाकडी होणारा तो मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकतो, किंवा बर्ड फ्लू. घरी बसून फरक ओळखता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही. जानेवारी २०२१, मुरुंबा. दोन-तीन दिवसांत सुमारे आठशे कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारायचा आदेश, दहा किलोमीटरमधे खरेदी-विक्री बंद. मग आमच्याच सेलू तालुक्यातल्या कुपट्याचंही नाव आलं. तेव्हा ठिपकी वर्षाचीही नव्हती. भावानं तिला आठवडाभर धान्याच्या कोठीमागं डालग्याखाली झाकून ठेवलं होतं, कुणी घेऊन जाईल म्हणून. आमचं घर त्या हद्दीत नव्हतं, पण दहा वर्षांच्या पोराला हद्द काय कळते.

मुरुंब्यात ज्यांच्या परसात दोन-दोन, चार-चार कोंबड्या होत्या, त्यांना निरोपाबिरोपाची संधी मिळाली नाही. सफेद पोशाखातली माणसं आली, पक्षी गेले. नुकसानभरपाई होती, अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये. मी त्या कारवाईला चूक म्हणणार नाही. तो विषाणू माणसातही येऊ शकतो, आणि थांबवायला दुसरा झटपट उपाय नाही. पण ज्याची कोंबडी धडधाकट होती आणि तरी गेली, त्याच्याशी दोन शब्द नीट बोलायला काही खर्च येत नाही, एवढंच मला वाटतं.

तर, संशय आला की काय करायचं: कापायचं नाही, सोलायचं नाही, शेजाऱ्याला द्यायचं नाही, गाडीवर घालून दवाखान्यात न्यायचं नाही, बाजारात तर मुळीच नाही. उघड्या हातानं मेलेला पक्षी उचलायचा नाही. नाल्यात, रस्त्याच्या कडेला फेकायचा नाही. १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन, किंवा जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, किंवा ग्रामपंचायतीत कळवायचं. २००९च्या साथरोगांच्या कायद्यानुसार ते कळवणं मालकावर बंधनकारकच आहे. लोक म्हणतात, शिजवल्यावर काय होतंय. बरोबर आहे, सत्तर अंशाच्या वर नीट शिजलं की विषाणू मरतो. पण धोका ताटात नसून कापताना, पिसं काढताना आहे.

परत ठिपकीकडं येते.

पप्पांचा सुरीचा पर्याय, त्याबद्दल मी प्रामाणिकपणे बोलणार आहे. आमच्या घरी चिकन होतं. श्रावण सोडून होतं. मी खाते. मग एका कोंबडीसाठी एवढं का? मैत्रिणीनंही हेच विचारलं. मला नाही वाटत याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर आहे. पण मला एवढं कळतं की जिला पाच वर्षं हाक मारली तिला शेवटच्या दिवशी पाय धरून उलटं लटकवून, पिशवीत कोंबून, दुकानाच्या दारात नेणं मला जमलं नसतं. शिवाय आजारी, औषध चालू असलेला पक्षी दुकानात नेणं म्हणजे तिथल्या बाकीच्या पक्ष्यांना आणि गिऱ्हाइकांना धोका. आणि तिचं मटण खायचा तर प्रश्नच नाही.

आम्ही डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं तसं सांगते. सगळ्यात शांत पद्धत म्हणजे आधी गुंगीचं इंजेक्शन, आणि ती पूर्ण बेशुद्ध झाल्यावर भुलीचं औषध जास्त मात्रेत. हे फक्त पशुवैद्यकानं करायचं. परभणीला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथपर्यंत जाता येत असेल तर तिथंही विचारता येतं. डॉक्टर मिळतच नसतील, जीव तडफडत असेल, तर सरावाच्या हातानं एका झटक्यात मान मोडणं, ही लहान पक्ष्यांसाठी जगभरात मान्य असलेली पद्धत आहे, कारण नीट झाली तर क्षणात शुद्ध जाते. नीट झाली तर. म्हणून यूट्यूब बघून घरी पहिला प्रयोग तिच्यावर करू नका. ज्याला येतं त्याच्याकडून, किंवा डॉक्टरांकडून शिकलेल्या माणसाकडून करून घ्या.

आणि काय करायचं नाही ते: पाण्यात बुडवायचं नाही, फ्रीजरमधे ठेवायचं नाही, उंदराचं औषध किंवा शेतातलं फवारणीचं औषध पाजायचं नाही, गाडीच्या धुरात कोंडायचं नाही. हे सगळं मी आमच्या भागात ऐकलेलं आहे, म्हणून नाव घेऊन सांगतेय. लोक दुष्टपणानं करत नाहीत, त्यांना वाटतं ती झोपूनच जाईल. नाही. फार वेळ लागतो आणि फार त्रास होतो.

ठरलं त्या दिवशी सकाळी भावाला सांगितलं. आईचं म्हणणं होतं, सांगू नको, शाळेतून आला की म्हणू रात्री गेली. मी म्हटलं, पंधरा वर्षांचा झालाय, त्याची कोंबडी आहे. तो शाळेत गेला नाही. खोक्यात गोणपाट घातलं, वर त्याचा जुना टी-शर्ट. दवाखान्यात त्यानं तिला मांडीवर धरलं. पहिल्या इंजेक्शननंतर चार-पाच मिनिटांत तिची मान त्याच्या मनगटावर आली. डॉक्टर म्हणाले, "आता तिला काही कळत नाही. तुला बाहेर थांबायचं असंल तर थांब." तो थांबला नाही, म्हणजे बाहेर गेला नाही.

दुसऱ्या इंजेक्शननंतर पंख दोन-तीन वेळा फडफडले. हे मुद्दाम सांगते, कारण आधी माहीत नसेल तर माणूस हादरतो. शुद्ध गेल्यावर, अगदी प्राण गेल्यावरसुद्धा, स्नायू असे हलतात. तिला दुखतंय असा त्याचा अर्थ नाही. डॉक्टरांनी आम्हाला हे आधीच सांगून ठेवलं होतं. मग त्यांनी डोळ्याच्या कडेला बोट लावून पाहिलं, पापणी हलली नाही. नळी लावून ठोके ऐकले. बराच वेळ ऐकले. मग मान हलवली.

आता पुरायचं. औषधानं मेलेलं जनावर उघड्यावर टाकलं आणि कुत्र्यानं, घारीनं, कोल्ह्यानं खाल्लं तर ते औषध त्याच्या पोटात जातं, तेही मरू शकतं. गुरांच्या डायक्लोफेनॅकनं देशभरातली गिधाडं कशी संपत गेली ते तुम्ही ऐकलं असेल. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. म्हणून खड्डा खोल हवा, निदान तीन फूट, विहिरीपासून आणि बोअरपासून लांब. श्रावणातली आमची काळी माती म्हणजे फावड्याला चिकटून बसणारी. पप्पांनीच खणला. मी सांगितलं नव्हतं. मांडीएवढा झाला तर म्हणाले, अजून थोडा खणू, आपलं कुत्रं लई उकरतंय. खाली चुना, वर चुना, मग माती, मग बांधावरचे दोन दगड. आजी लांब ओट्यावर बसून होती. संपल्यावर तिनं भावाला हातपाय धुवायला गरम पाणी दिलं आणि मला पण दिलं.

राहिलेल्या कोंबड्यांचं सांगते. खुराडं रिकामं करून खालचा कचरा काढला, जागा घासली, चुना मारला, दोन दिवस उन्हात उघडं ठेवलं. ऊन कुठलं, श्रावणच तो, पण जेवढं मिळालं तेवढं. ठिपकीचं दुखणं पसरणारं नव्हतं, तरी डॉक्टरांनी बाकीच्यांना पंधरा दिवस रोज हातात घेऊन बघायला सांगितलं. वजन, तुरा, विष्ठा. आणि राणीखेतची लस. नवीन पिल्लांना पहिली लस पाच-सात दिवसांची असतानाच द्यायची असते, मग मोठेपणी पुन्हा. एका गावात दहा घरांनी मिळून दिली तर स्वस्त पडते, कारण बाटली फोडली की थोड्या वेळात वापरून संपवावी लागते. आमच्या गल्लीत या वेळी सात घरं तयार झाली. ज्यांनी मला ढोराच्या दवाखान्यात कोंबडी नेली म्हणून चिडवलं होतं, त्यातली दोन त्यात आहेत.

लसीचं सविस्तर पुढच्या भागात घेऊ, एका पशुवैद्यकांना बोलवायचं चाललंय. तुमच्याकडं गावरान कोंबड्या असतील तर कुठल्या वयाच्या किती आहेत ते लिहून ठेवा, प्रश्न विचारायला सोपं जाईल. भेटू.